जुना फ्लॅट घ्या, चकचकीत करा, विका... आणि मग फोन उचलू नका

परवा शुक्रवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक एक्सेल शीट फिरत होती. चार जणांनी प्रत्येकी १० लाख काढायचे, वर थोडं कर्ज घ्यायचं, सहकारनगर किंवा कोथरूडला चाळीसेक वर्षं जुन्या सोसायटीतला एक टू बीएचके उचलायचा, दोन महिन्यात तो 'मॉडर्न' करायचा आणि सहा महिन्यांच्या आत विकून मोकळं व्हायचं. शेवटच्या रकान्यात हिरव्या रंगात २५ टक्के. शीट बनवणारा मुलगा आमच्या टीममधला सगळ्यात हुशार. कोड रिव्ह्यूमध्ये एका नल चेकवरून अर्धा तास वाद घालणारा. त्याला विचारलं, "अरे, यात स्टँप ड्यूटीचा रकाना कुठाय?" तर म्हणाला, "टाकतो ना सर, ते मायनर आहे."

मायनर! असो.

"तुम्ही पाचवे येताय का?" असंही विचारलं. मी म्हणालो सोमवारी सांगतो. विकांताला विचार केला आणि उत्तर जरा लांबलं, ते इथे लिहून काढतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुना फ्लॅट घेऊन, वरवर नटवून, वर्षाच्या आत विकण्यात जो काही नफा सुटतो तो बहुतेक वेळा पुढच्या माणसापासून काहीतरी लपवल्याचा असतो. स्वभावाने लबाड लोकच हे करतात असंही नाही. या गणिताची मांडणीच अशी आहे की चांगल्या घरातली, सुशिक्षित, एरवी रिक्षावाल्याला सुटे पैसे परत देणारी माणसंसुद्धा लपवायला लागतात. हे मी काठावर उभं राहून बोलत नाहीये. मी केलंय.

ऑगस्ट २०२२. कोथरूडमधली तीन मजली सोसायटी, १९८३ चं बांधकाम. दुसऱ्या मजल्यावर एक काकू एकट्याच राहत होत्या. काका जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगी बंगळूरला, तिच्याकडे कायमचं जायचं ठरलेलं. घर अगदी त्या काळातलं. मोझॅकच्या फरश्या, कडप्प्याचा ओटा, सागवानी दारं, दारावर पितळी पाटी. मी आणि माझा एक मित्र (यापुढे पार्टनर) बघायला गेलो. काकूंनी चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत आम्हाला स्वतःहून आतल्या खोलीत नेलं. बाथरूमच्या मागची भिंत. कमरेइतक्या उंचीपर्यंत रंगाचे पोपडे सुटलेले.

"हे बघून घ्या हं नीट. बारा महिने थोडी ओल असतेच, पावसाळ्यात वाढते. ह्यांनी दोनदा करून घेतलं, पण मुळातून गेलं नाही. मागनं म्हणायला नको, काकू बोलल्या नाहीत म्हणून."

आम्ही चहा प्यायलो, बिस्किटं खाल्ली. खाली उतरल्यावर पार्टनर म्हणाला, "या ओलीवर तीन लाख सुटतील बघ." सुटले. काकू ८३ म्हणत होत्या, ८० ला व्यवहार झाला. त्यांना भाव कळत नव्हता असं नाही. त्यांना सामान बांधायचं होतं आणि त्यांच्याच तोंडाने सांगितलेला दोष आम्ही त्यांच्यासमोर धरला होता.

फ्लॅट आणि कर्ज कागदोपत्री माझ्या नावावर. पार्टनरने निम्मे पैसे घातले, आमच्यात एक साधा करार. कर्ज ६० लाख. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहावर नेला, त्यामुळे आमचा व्याजदर दर दोन महिन्यांनी एसेमेस पाठवून चढत होता. सरासरी ९ टक्के धरा. म्हणजे महिन्याला ४५ हजार रुपये नुसतं व्याज.

हा ४५ हजारांचा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे होतं.

आम्ही एक मिस्त्री बोलावला. त्याने भिंतीवर हात फिरवला, बाथरूममध्ये जाऊन नहाणी ट्रॅपपाशी उकिडवा बसला, आणि दोन मिनिटात निकाल दिला. "साहेब, हे वरून काही होणार नाही. फोडायला लागंल. पार स्लॅबपर्यंत."

आता हे 'स्लॅबपर्यंत' प्रकरण काय आहे ते सांगतो, कारण फ्लॅट घेणाऱ्या दहातल्या नऊ जणांना ते माहीत नसतं. मलाही नव्हतं. फ्लॅटमध्ये बाथरूमची स्लॅब बाकी घरापेक्षा खाली घेतलेली असते. त्या खड्ड्यात ड्रेनेजचे पाइप टाकतात, वॉटरप्रूफिंग करतात, विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात आणि वर फरशी बसवतात. चाळीस वर्षांत कुठेतरी एखादा सांधा सुटतो, वॉटरप्रूफिंगला तडा जातो, आणि अंघोळीचं पाणी त्या कोब्यात साठायला लागतं. कोबा स्पंजासारखा भिजून बसतो. मग ते पाणी वाट मिळेल तिकडे जातं. मागच्या भिंतीत चढतं, खालच्या घराच्या छतातून झिरपतं. तुम्ही वर इटालियन टाइल लावा नाहीतर सोन्याचा पत्रा लावा, खालचं तळं तसंच राहतं. खरा उपाय एकच: सगळं उखडून स्लॅब उघडी करायची, पाइप बदलायचे, वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं, दोन-तीन दिवस पाणी तुंबवून खालच्या मजल्यावर जाऊन बघायचं, आणि मगच भरायचं.

खर्च दीड लाख, वेळ पाच-सहा आठवडे असं मिस्त्री म्हणाला. काकूंकडून आम्ही याच कामाचे ३ लाख कापून घेतले होते! म्हणजे पैसे हातात होते. पण सहा आठवडे म्हणजे ४५ हजारांच्या हिशोबाने आणखी साठ-सत्तर हजार. शिवाय पाऊस. शिवाय राडारोडा, शिवाय खालच्या आजोबांची परवानगी. त्याच संध्याकाळी एजंटला विचारलं, तर त्याने सरळ सांगितलं, "सर, पाइप कोणी बघत नाही. किचन बघतात, वॉशरूम बघतात, लाइटिंग बघतात. तिथे खर्च करा."

आणि आम्ही तिथे खर्च केला. एकूण ९ लाख. ट्रॉल्या आणि क्वार्ट्झचा ओटा, मोझॅकवरच व्हिट्रिफाइड टाइल, दोन्ही बाथरूममध्ये टाइलवर टाइल, फॉल्स सीलिंग, कोव्ह लाइट. सागवानी दारं काढून फ्लश डोअर बसवली (ती दारं भंगारवाल्याने हसत हसत नेली, तेव्हाच कळायला हवं होतं की मूर्ख कोण आहे). पार्टनरला किचनची भिंत पाडून ओपन किचन करायचं होतं. सोसायटीचे सेक्रेटरी काका आडवे आले. बिल्डिंग लोड बेअरिंग आहे, त्या भिंतीवर वरचा मजला उभा आहे, हे त्यांनी आम्हा दोन इंजिनियरांना समजावून सांगितलं. तेव्हा आम्ही त्यांना 'खडूस' म्हणालो होतो.

फॉल्स सीलिंगचं पण एक सांगायला हवं. काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतली सळई गंजण्यापासून वाचते. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत जातो, ते संरक्षण कमी होतं, मग ओलावा मिळाला की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खालचं काँक्रीट तडकून त्याचे थर निघायला लागतात. जुन्या घरात छताकडे बघून हे लगेच कळतं. नवीन पांढऱ्याशुभ्र जिप्समच्या छताकडे बघून काहीच कळत नाही. आमच्या स्लॅबला तसं काही फारसं नव्हतं, पण 'नव्हतं' हे सुद्धा घेणाऱ्याने आमच्या तोंडावर विश्वास ठेवूनच मानायचं ना?

आणि ओलीची भिंत? तिथे आम्ही छताला टेकेपर्यंत लाकडी पट्ट्यांचं पॅनेल ठोकलं. मागे एलईडीची पट्टी, समोर टेबल. 'वर्क फ्रॉम होम कॉर्नर'. खर्च ३० हजार. आपल्या भाषेत सांगायचं तर बॅकएंडला हात न लावता नुसता फ्रंटएंड बदलला, आणि एरर लॉग दिसू नये म्हणून त्यावर वॉलपेपर चिकटवला.

मृग लागायच्या आत विकायचा हे दोघांनाही न बोलता माहीत होतं. जून २०२३ च्या पहिल्या आठवड्यात १ कोटी ८ लाखांना गेला. घेणारं जोडपं आपल्यासारखंच. दोघं आयटीत, लग्नाला दीड वर्ष झालेलं, पहिलंच घर. त्या मुलाला घरात सगळ्यात जास्त काय आवडलं असेल? तो कोपरा. "व्हिडिओ कॉलला मस्त बॅकग्राउंड आहे हो!"

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. पार्टनरला विचारलं, तो म्हणाला उचलू नकोस, अ‍ॅग्रीमेंटमध्ये क्लॉज आहे. पहिले दोन फोन मी उचलले नाहीत. तिसरा उचलला.

"दादा, पॅनेलच्या मागून कुबट वास येतोय. काढून बघितलं तर सगळी भिंत काळी पडलीय. तुम्हाला याच्याबद्दल काही माहीत होतं का?"

"नाही हो. आमच्या वेळी असं काही नव्हतं."

तो दोन सेकंद गप्प बसला. मग म्हणाला, "नाही, खालचे आजोबा आले होते. ते म्हणत होते, आधीच्या काकूंनी घेणाऱ्याला दाखवूनच विकलं होतं. म्हणून विचारलं."

दोन आठवडे मी काही केलं नाही. मग एका रविवारी गेलो, जे होतं ते सांगितलं आणि दुरुस्तीचा सगळा खर्च दिला. १ लाख ७० हजार. तो ओरडला वगैरे नाही. बायकोने चहा सुद्धा विचारला, मला घ्यायचा धीर झाला नाही. पार्टनरने एक रुपया दिला नाही, आमचं बोलणं आता लग्नकार्यापुरतं. आणि मी पैसे दिले यात काही थोरपणा नाही, ते काकूंच्या ३ लाखांतलेच होते. त्या एका ओलीचे आम्ही दोनदा पैसे केले. काकूंनी दाखवली म्हणून भाव पाडला, आणि झाकली म्हणून भाव चढवला.

आता त्या शीटकडे येऊ. खरे रकाने भरू.

खरेदी ८० लाख. पुण्यात स्टँप ड्यूटी सगळे अधिभार धरून ७ टक्के (बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी), म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी ३० हजार. एजंट एक टक्का, ८० हजार. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम २५ हजार, याच्यावर घ्यायला उपविधींप्रमाणे परवानगी नाही (सोसायट्या 'देणगी' म्हणून मागतात ती गोष्ट वेगळी). रिनोव्हेशन ९ लाख. दहा महिन्यांचं व्याज साडेचार लाख. मेंटेनन्स, लाइट बिल, प्रॉपर्टी टॅक्स ४० हजार. विकताना परत एजंट, १ लाख ८ हजार. बेरीज १ कोटी १ लाख ९३ हजार. विक्री १ कोटी ८ लाख. उरले ६ लाख ७ हजार. २४ महिन्यांच्या आत विकलं की हा अल्पकालीन भांडवली नफा, तो तुमच्या पगारात मिसळून स्लॅबने कर. आपण सगळे ३० टक्केवाले, वर सेस, म्हणजे १ लाख ८९ हजार गेले. (व्याज खर्चात धरता येतं की नाही यावर सीए लोक वाद घालतात. मी इथे आपल्या बाजूने धरलंय.) हातात ४ लाख १८ हजार. दोघांत. माझे २ लाख ९ हजार, त्यातून दुरुस्तीचे १ लाख ७० हजार वजा. दहा महिन्यांचे सगळे विकांत टाइलच्या दुकानात घालवून मी ३९ हजार कमावले.

पण आपला नफा किती हा प्रश्न मला आता कमी महत्त्वाचा वाटतो. त्याच व्यवहाराकडे घराच्या बाजूने बघा. काकूंना मिळाले ८० लाख. त्या जोडप्याला स्टँप ड्यूटी आणि नोंदणीसकट घर पडलं १ कोटी १५ लाख ८६ हजारांना. मधले जवळजवळ ३६ लाख कुठे गेले? घरात गेले ९, तेही सगळे दर्शनी भागात. सरकारला दोनदाची ड्यूटी, दोनदाची नोंदणी आणि माझा कर मिळून साडेपंधरा लाखांच्या वर मिळाले. मग बँक, मग एजंट, मग आम्ही. त्या पोराने तोच फ्लॅट काकूंकडून थेट ८३ ला घेतला असता, आमच्यासारखेच ९ लाख लावून नटवला असता, वर दीड लाख घालून बाथरूम खरोखर दुरुस्त केलं असतं, तरी दलाली सोडून त्याला ९९ लाख ६० हजार पडले असते. सव्वासोळा लाख कमी. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जावर हे महिन्याला १४ हजार होतात. आणि काकूंना तीन लाख जास्त मिळाले असते.

शहरात यामुळे एकही नवीन घर तयार झालं नाही. आमच्या आधी तिथे एक टू बीएचके होता, आमच्यानंतरही एक टू बीएचकेच आहे.

यावर जे युक्तिवाद येतात ते मला पाठ आहेत, कारण मी स्वतः ते केलेत. "घेणाऱ्याने बघून घ्यावं ना, तो काय कुक्कुलं बाळ आहे का?" अरे, पण तू नऊ लाख खर्च केलेस ते त्याला बघता येऊ नये म्हणूनच ना? शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं, सगळे दिवे लावलेले, एजंट शेजारी उभा, दारात दुसरं गिऱ्हाईक. त्यात तो काय टाइल उपटून बघणार? "आपण विक्रेत्याला लगेच पैसे देतो, तीही सेवाच आहे." बरोबर, आणि त्या सेवेचं शुल्क एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घाईतून वसूल करतो. "आपण डेटा वापरू, मॉडेल बनवू." हे तर आमच्या टीमचं लाडकं. अमेरिकेत झिलोने हेच केलं होतं. त्यांच्याकडे देशभरातल्या घरांच्या किमतींचा डेटा, आपल्यापेक्षा हुशार इंजिनियर, आणि पाण्यासारखा पैसा. अल्गोरिदमने भाव काढून घरं घ्यायची, थोडी डागडुजी करायची, विकायची. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी तो विभागच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, त्या तिमाहीत ३० कोटी डॉलरच्या वर तोटा पुस्तकात दाखवला आणि जवळपास चौथा हिस्सा कर्मचारी कमी केले. भिंतीच्या मागे काय आहे ते अल्गोरिदमलाही दिसत नाही. तेव्हा चार जणांच्या शीटचं काय घेऊन बसलात.

एक अपवाद मात्र मला मान्य आहे. माझ्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, मूळचे प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टर. ते वर्षानुवर्षं कुलूप लागलेले, वारसांच्या भांडणात अडकलेले फ्लॅट घेतात. वारसांची कागदपत्रं जुळवतात, सोसायटीची थकबाकी भरतात, बाथरूम स्लॅबपर्यंत उखडतात, आणि विकताना घेणाऱ्याच्या हातात पाइप उघडे असतानाच्या फोटोंची फाइल ठेवतात. एका फ्लॅटला दोन-अडीच वर्षं जातात. त्यांनी खुशाल नफा घ्यावा, भरपूर घ्यावा. बंद पडलेलं घर ते परत राहण्यासारखं करतात. त्यांना मी आमची सहा महिन्यांची शीट दाखवली तर त्यांनी एवढंच विचारलं, "पाणी तुंबवून कधी बघणार?"

कायद्याचं म्हणाल तर गंमतच आहे. बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेतला तर रेराखाली पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याच्यावर असते. आमच्यासारख्या हौशी नटव्यांना रेरा विचारत नाही. पण १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे, त्याचं कलम ५५. इंग्रजांच्या काळातलं. त्यात स्पष्ट म्हटलंय की विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या काळजीने त्याला सापडणार नाही असा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणं याला कायदा 'कपट' म्हणतो. फक्त सुरुवातीला 'करारात वेगळं काही नसेल तर' अशी पळवाट आहे, आणि म्हणून आपल्या छापील अ‍ॅग्रीमेंटमध्ये ते वाक्य असतं: खरेदीदाराने मिळकतीची समक्ष पाहणी करून खात्री करून घेतली आहे. पार्टनर ज्याला क्लॉज म्हणत होता तो हाच. काकूंनी हे कलम जन्मात वाचलं नसेल, पण त्यांनी ते चहा उकळेपर्यंत पाळून दाखवलं.

सगळा हा प्रकार आपण अमेरिकन व्हिडिओ बघून शिकतो, म्हणून तिथलंच सांगतो. कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला दोषांचा ठरावीक फॉर्म भरून द्यावा लागतो, तोही १९८७ पासून. आणि २०२३ मध्ये त्यांनी खास याच धंद्यासाठी कायदा केला, तो १ जुलै २०२४ पासून लागू आहे: घेतल्यापासून १८ महिन्यांच्या आत घर विकायला काढलंत तर कंत्राटदाराकडून काय काय काम करून घेतलं, कंत्राटदार कोण, परमिट होतं का, हे सगळं घेणाऱ्याला लिहून द्यायचं. बे एरियातले आपले मित्र हे फॉर्म भरतात आणि इथे सुट्टीवर आले की कोथरूडच्या फ्लॅटमध्ये पैसे घालतात. तिथे फॉर्म, इथे पॅनेल.

आपल्याकडे असा एक कागद सक्तीचा व्हायला काय हरकत आहे मला खरंच कळत नाही. दोन पानं. दोन वर्षांच्या आत परत विकलेल्या प्रत्येक घराला, नोंदणीच्या वेळी जोडलेली. मागचा भाव काय, कोणती भिंत झाकली, कोणते पाइप बदलले, आधीच्या मालकाने काय सांगितलं. प्रामाणिक माणसाला हे भरायला अर्धा तास लागेल. बाकीच्यांचा धंदा बसेल, तर बसू दे.

तो कागद येईल तेव्हा येईल. तोपर्यंत जे घर घ्यायच्या तयारीत आहेत त्यांनी निदान एवढं करा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्या फ्लॅटचा इंडेक्स टू काढा. मागचा व्यवहार कधी झाला आणि कितीला झाला, दोन्ही त्यात असतं. दहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली की सावध व्हा. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बघायला जा. टाइलवर नाणं ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एजंट गेल्यावर खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघायला मागा. लोक दाखवतात. आमच्या आजोबांनी पहिल्याच दिवशी दाखवलं असतं, त्यांना कोणी विचारलंच नाही.

शीटचं म्हणाल तर मी ती दुरुस्त करून ठेवलीय. स्टँप ड्यूटी, व्याज, कर, सगळं घातलं. हिरव्यातले २५ टक्के आता ६ वर आलेत आणि त्यात बाथरूम धरलेलं नाही. शिवाय एक रकाना वाढवलाय, 'विकणाऱ्याने काय सांगितलं'. तो जसाच्या तसा घेणाऱ्याला मेल करायची चौघांची तयारी असेल तर माझे १० लाख धरा. उद्या सकाळी पाठवतोय.